खिशांतील गाणें मोटारींत



आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटेल. इतिहास म्हटला म्हणजे तो राजांचा, तहांचा आणि लढायांचा असावयाचा, अशी आपली समजूत असते; आणि मींहि पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहून मुलांकडून असाच इतिहास पाठ करून घेतला आहे. परंतु मनुष्याच्या रोजच्या सुखदुःखाचा इतिहास पुष्कळदां एखाद्या क्षुल्लक वस्तूंत दडून बसलेला असतो. अशी एक वस्तु माझ्या टेबलाच्या खणांत पडली आहे. ती दिसावयास कॅसेट आहे. पण तिच्यांत फीत नाहीं, आणि तिच्या कोपऱ्यांतून हातभर लांबीची एक काळी वायर बाहेर आली आहे. खिशांत मावणारें गाण्याचें यंत्र मोटारींतील स्टीरिओला जोडण्याचें हें साधन. असलें चमत्कारिक साधन मनुष्याला कां करावें लागलें, त्याच्या आधीं काय होतें आणि मागाहून काय आलें, हें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

मोटारींत प्रथम आला तो रेडिओ. तो बसविण्याचे खटाटोप १९२० नंतर लवकरच सुरू झाले होते. पण सामान्य गिऱ्हाइकापर्यंत तो पोंचविण्याचें श्रेय शिकागो येथील पॉल आणि जोसेफ गॅल्विन या बंधूंकडे जातें. १९३० च्या जून महिन्यांत ॲटलांटिक सिटी येथें रेडिओ तयार करणाऱ्यांची परिषद भरली होती. पॉल गॅल्विन यांनीं आपल्या स्टुडबेकर मोटारींत रेडिओ बसविला, ती परिषदेच्या ठिकाणीं नेऊन बाहेर उभी केली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकवून मागण्या मिळविल्या. या रेडिओला त्यांनीं ‘मोटोरोला’ हें नांव दिलें. पुढें १९४७ सालीं कंपनीनेंहि तेंच नांव घेतलें. या कामांत त्यांना साह्य करणाऱ्यांत विल्यम लिअर नांवाचे एक तरुण तंत्रज्ञ होते. हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. तें पुन्हां एकदां येणार आहे.

त्या काळीं मोठी अडचण होती ती खरखरीची. मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल पेटविण्यासाठीं सारख्या ठिणग्या पाडाव्या लागतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रक्षेपण-केंद्रच! तिच्या लहरी रेडिओंत शिरत आणि गाण्याच्या जागीं कढईंत मोहरी तडतडावी तसा आवाज येई. ठिणग्यांच्या तारांवर प्रतिबंधक साधनें बसवून हा उपद्रव आटोक्यांत आणावा लागला. शिवाय, गाणें ऐकतांना चालकाचें लक्ष विचलित होईल म्हणून मोटारींतील रेडिओला बंदी घालावी, असे प्रस्तावहि अमेरिकेंत पुढें आले. नवी वस्तु आली कीं तिच्यामागोमाग असा एखादा खटला येतोच.

रेडिओचें सुख मोठें आहे. पण त्याला एक मर्यादा आहे, असें नभोवाणीवरूनच बोलणें जरा उद्धटपणाचें होईल. तरी खरें तें सांगितलें पाहिजे. केंद्रावरून जें लागेल तें ऐकावयाचें. आपल्याला हवें तें गाणें हव्या त्या वेळीं मिळावयाचें नाहीं. म्हणून मोटारीच्या धन्याला वाटूं लागलें कीं, आपल्या आवडीचें गाणें आपण बरोबर न्यावें. या इच्छेपासून आपली खरी गोष्ट सुरू होते.

पहिला मोठा प्रयत्न क्रायस्लर कंपनीनें केला. तिच्या १९५६ च्या नमुन्याच्या मोटारींत ‘हायवे हाय-फाय’ नांवाचा चक्क एक ग्रामोफोन घेतां येत असे. तो तयार केला होता पीटर गोल्डमार्क यांनीं. लाँग प्लेइंग रेकॉर्ड १९४८ सालीं बाजारांत आली, ती ज्यांच्या परिश्रमाचें फळ मानली जाते, तेच हे गोल्डमार्क. मोटारींतील तबकडी सात इंचांची असून मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे अगदीं सावकाश, फिरे; आणि एका बाजूवर ४५ मिनिटांपर्यंतचें संगीत मावे. युक्ति नामी होती. पण घरच्या नेहमींच्या तबकड्या या यंत्रावर चालत नसत. मोटारीसाठीं निराळ्या तबकड्या विकत घ्यावयाच्या, आणि त्याहि एकाच कंपनीच्या! घरच्या कपाटांत भरलेलें भांडार घरींच राहावें आणि मोटारींत मात्र दहापांच तबकड्यांवर भागवावें, हें कोणास रुचणार? थोड्याच वर्षांत हें यंत्र बंद पडलें.

नंतर चुंबकीय फितीचा काळ आला. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत अर्ल मंट्झ यांनीं चार पट्ट्यांच्या फितीचें यंत्र मोटारींत आणलें. त्यांत सुधारणा करून आठ पट्ट्यांचें कार्ट्रिज बनविलें तें आपल्या ओळखीच्या विल्यम लिअर यांनीं. आतां ते विमानांचे प्रख्यात कारखानदार झाले होते. फोर्ड कंपनीनें १९६६ च्या नमुन्याच्या मोटारींत हें यंत्र देऊं केलें आणि तें अमेरिकेंत फार लोकप्रिय झालें. पण त्यांतील फीत टोंकाला टोंक जोडलेली असे, ती मागें फिरवितां येत नसे. आणि कधीं कधीं गाण्याच्या ऐन मध्यावर खट् असा आवाज होऊन पट्टी बदले.

त्याच सुमारास युरोपांत निराळें कांहीं घडत होतें. फिलिप्स कंपनीचे लू ओटेन्स हे बेल्जममधील हासेल्ट येथें एका लहान ध्वनिमुद्रण-यंत्राच्या मागें लागले होते. यंत्र केवढें असावें हें ठरविण्यासाठीं त्यांनीं कोटाच्या खिशांत मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा करून घेतला होता, असें सांगतात. १९६३ च्या ऑगस्टअखेर बर्लिनच्या प्रदर्शनांत त्यांची कॅसेट लोकांपुढें आली. फिलिप्सनें हा नमुना इतर कारखानदारांनाहि मोफत वापरूं दिला; अट एवढीच कीं माप आणि पद्धति बदलूं नये. परिणाम असा झाला कीं टोकियोंत केलेली कॅसेट मुंबईच्या यंत्रांत आणि घरची कॅसेट मोटारींत बिनदिक्कत चालूं लागली. क्रायस्लरला जें साधलें नाहीं तें या खिशाच्या मापानें साधलें. आपल्याकडे १९८० नंतर कॅसेट घरोघर आली. भावगीतें, कीर्तनें, लोकनाट्यें, लग्नांतील मंगलाष्टकें, सर्व कांहीं तिच्यांत सांठूं लागलें.

आतां गोष्टीला वळण मिळतें. १ जुलै १९७९ रोजीं सोनी कंपनीनें जपानांत ‘वॉकमन’ विकावयास काढला. त्याला कर्णा नव्हता. कानांवर इअरफोन चढवून ऐकावयाचें. या पहिल्या वॉकमनविषयीं एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. त्याला इअरफोनसाठीं एक नव्हे, दोन सॉकेटें होतीं. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिटा यांना असें वाटलें कीं, जवळ माणूस बसलेलें असतांना एकट्यानेंच गाणें ऐकत राहणें असभ्यपणाचें दिसेल. म्हणून दोघांनीं ऐकावें आणि मध्यें बोलावेंसें वाटल्यास एक नारिंगी बटण दाबावें, म्हणजे गाणें हळू होऊन परस्परांचें बोलणें ऐकूं येई. पण लोकांनीं हें यंत्र एकेकट्यानेंच वापरलें. पुढच्या नमुन्यांतून दुसरें सॉकेट आणि तें बटण दोन्हीं गेलीं. मला वाटतें, गाणें ऐकण्याच्या इतिहासांत हा एक मोठा टप्पा आहे. देवळांत, मैफलींत, घराच्या ओसरीवर, रेडिओभोंवतीं, गाणें नेहमीं चारचौघांचें असे. आतां तें एका कानाचें झालें.

वॉकमनमागून १९८४ सालीं खिशाहून थोडें मोठें असें सीडीचें यंत्र आलें. १९९८ सालीं एमपीथ्री पद्धतीचीं लहान यंत्रें विक्रीस आलीं. २३ ऑक्टोबर १९०१ नव्हे, २००१ रोजीं ॲपल कंपनीनें ‘आयपॉड’ जाहीर केला आणि एक हजार गाणीं खिशांत मावतात असें जगाला सांगितलें. मोटारींत मात्र अजून कॅसेटच होती. माणसें यंत्र दोनचार वर्षांनीं बदलतात, मोटार पंधरा वर्षें ठेवतात. सगळी अडचण या दोन आयुष्यांच्या फरकांतून उद्भवली. चालकानें इअरफोन घालावेत तर मागच्या मोटारीचा भोंगा ऐकूं यावयाचा नाहीं. आणि इतरांनीं काय करावें? मोटारीचे कर्णे उत्तम, खिशांत हजार गाणीं. पण या दोहोंमध्यें वाट नाहीं. स्टीरिओ म्हणजे चारी बाजूंनीं बंद पेटी. तिला बाहेरचा आवाज आंत घेण्याच्या वाटा दोनच: एक कॅसेटचें तोंड आणि दुसरी आकाशवाहक तार. पाहुणा नवा, त्याला दार नाहीं. तेव्हां त्यानें बहुरूप्याप्रमाणें सोंग घेऊन आंत शिरावें, असें ठरलें.

पहिलें सोंग कॅसेटचें. अमेरिकन तंत्रज्ञ लॅरी शॉट्झ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही युक्ति काढली. खऱ्या कॅसेटच्या फितीवर चुंबकत्व धरून ठेवणारे बारीक कण असतात. फीत स्टीरिओच्या हेडसमोरून सरकते, चुंबकत्व कमीजास्त होतें, आणि त्यामुळें हेडमधील तारेच्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. तोच प्रवाह वाढवून कर्ण्यांकडे पाठविला म्हणजे गाणें ऐकूं येतें. आतां बारकाईनें पाहिलें तर हेडला फीत दिसत नसते. त्याला कळतें तें फक्त बदलणारें चुंबकत्व. मग फीत हवीच कशाला? शॉट्झ यांच्या कॅसेटमध्यें त्या हेडच्या बरोबर समोर दुसरें एक हेड बसविलेलें असतें. खिशांतल्या यंत्राचा प्रवाह वायरीनें त्या हेडांत येतो, तेथें चुंबकत्व कमीजास्त होतें, आणि समोरच्या हेडला वाटतें कीं फीतच वाहत आहे! आंत लहान दंतचक्रें ठेवलेलीं असतात, तीं केवळ स्टीरिओची समजूत राहावी म्हणून. कारण चाकें फिरलीं नाहींत तर फीत अडकली असें समजून कित्येक स्टीरिओ कॅसेट बाहेर फेंकून देतात.

माझ्या खणांतील कॅसेट ती हीच. ती माझ्याकडे कशी आली तें सांगतों. २००६ सालीं आमचें गांवाकडचें जुनें घर विकावयाचें कीं ठेवावयाचें यावरून माझ्यांत आणि माझ्या वडील बंधूंत वर्षभर अबोला म्हणावा असें झालें होतें. अखेर घर एकदां पाहून यावें असें ठरलें. दादांची मोटार जुनी होती. पुतण्या चालवीत होता. दादा पुढें आणि मी मागें. घाट लागेपर्यंत हवापाण्यापलीकडे कोणी बोललें नाहीं. आमचे वडील हौशी कीर्तनकार. १९८५ सालीं गांवच्या देवळांत त्यांचें एक कीर्तन शेजाऱ्यांनीं कॅसेटवर घेतलें होतें. ती कॅसेट पुढें इतकी झिजली कीं तिची पूड पडूं लागली. म्हणून पुतण्यानें त्यांतला आवाज आपल्या खिशांतल्या यंत्रांत उतरवून घेतला होता. त्यानें घाटांत मोटार बाजूला घेतली आणि ही वायरीची कॅसेट स्टीरिओंत घातली. स्टीरिओनें ती दोनदां बाहेर ढकलली. मीं म्हटलें, “अरे, ही कॅसेट बिघडलेली दिसते.” तो म्हणाला, “काका, ही कॅसेट नाहींच. हें कॅसेटचें सोंग आहे.” तिसऱ्या खेपेस ती बसली. थोडी खरखर झाली, आणि वडिलांचा आवाज आला.

यांत गंमत अशी कीं, तो आवाज मूळचा कॅसेटवरचा. कॅसेटमधून तो लहान यंत्रांत गेला, आणि मोटारींत येतांना पुन्हां कॅसेटच्याच वेषांत आला. पण त्या वेळीं मला हें कांहीं सुचलें नाहीं. दादांना एका कानानें कमी ऐकूं येई; इअरफोन ते लावीत नसत. एकवीस वर्षांनंतर आम्ही दोघे भाऊ एकाच वेळीं तो आवाज ऐकत होतों. पूर्वरंग संपला तेव्हां दादांनीं पुतण्याला आवाज हळू करावयास सांगितलें आणि मागें न वळतां मला म्हणाले, “ओसरीचें काय करावयाचें रे?” वर्षभर अडलेलें बोलणें तेथून सुरू झालें. घर आम्हीं पुढें विकलें. पण एकमतानें विकलें. परततांना पुतण्यानें ती कॅसेट माझ्या हातावर ठेवली. हेंच यंत्र वडिलांच्या आवाजासह एकेकाच्या कानाला लावलें असतें, तर तें बोलणें त्या दिवशीं झालें असतें असें मला वाटत नाहीं.

दुसरें सोंग आकाशवाणीचें. मोटारींत कॅसेटचें तोंड नसेल तर खिशांतल्या यंत्राला आगपेटीएवढें एक प्रक्षेपण-यंत्र जोडावयाचें. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या एफएम पट्ट्यांत जेथें कोणतेंहि केंद्र लागत नाहीं अशी मोकळी जागा शोधावयाची, आणि आपलें गाणें तेथें सोडावयाचें. स्टीरिओला वाटतें, हें एखादें केंद्रच! पण आकाश सरकारच्या ताब्यांत असतें. ब्रिटनमध्यें १९४९ च्या बिनतारी कायद्याखालीं असें यंत्र वापरणें गुन्हाच होता. डिसेंबर २००६ मध्यें तें कायदेशीर झालें, आणि तेंहि ५० नॅनोवॅटच्या आंत. म्हणजे एका वॅटचे शंभर कोटि भाग केले तर त्यांतील अवघे पन्नास. एवढ्या दुबळ्या केंद्राला मोठ्या शहरांत मोकळी जागा मिळणें कठीण. प्रवासांत एखादें बलवान केंद्र जवळ आलें कीं अभंगाच्या मध्यें साबणाची जाहिरात ऐकूं येई. शिवाय हें यंत्र मोटारींतील विजेवर चालविलें कीं इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा एक कण्हल्यासारखा सूर कधीं कधीं कर्ण्यांत उमटे. १९३० सालीं गॅल्विन बंधूंना छळणाऱ्या खरखरीचाच हा नातू म्हणावयाचा!

सोंगांचा काळ फार दिवस टिकला नाहीं. पाहुण्यासाठीं सरळ एक दार ठेवावें, हें शहाणपण कारखानदारांना सुचलें. स्टीरिओच्या दर्शनी भागावर साडेतीन मिलिमीटरचें एक भोंक दिसूं लागलें; त्याला ‘ऑक्स’ म्हणत. त्यांत जाणाऱ्या पिनेचें कूळ जुनें आहे. एकोणिसाव्या शतकांत टेलिफोनच्या केंद्रांत एका घरची तार दुसऱ्या घराला जोडण्यासाठीं पाव इंच जाडीची पिन वापरीत. तिचीच ही धाकटी पिढी. खिशांतल्या ट्रान्झिस्टर रेडिओंबरोबर ती लहान झाली आणि वॉकमनबरोबर जगभर पसरली. तिचें टोंक डाव्या कर्ण्याचें, मधलें कडें उजव्या कर्ण्याचें, आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. दोन घरांचें बोलणें जुळविण्यासाठीं जन्मलेली पिन अखेर एका माणसाचें गाणें चौघांपर्यंत नेण्यास उपयोगी पडली.

२००४ सालीं बीएमडब्ल्यू आणि ॲपल यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. आयपॉड समोरच्या कप्प्यांत ठेवून जोडावयाचा, आणि चाकावरचींच बटणें दाबून गाणें बदलावयाचें. त्यानंतर वायरच नाहींशी झाली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं सुरू झालेल्या संशोधनांतून ‘ब्लूटूथ’ निघालें. १९९८ सालीं पांच कंपन्यांनीं त्यासाठीं संघ स्थापिला. दहाव्या शतकांत डेन्मार्कमधील लोकांना एका छत्राखालीं आणणाऱ्या हॅराल्ड राजाचें टोपणनांव या पद्धतीला दिलें आहे. निरनिराळ्या जातींचीं यंत्रें एकत्र आणावयाचीं, म्हणून हें नांव. इतिहासाच्या मास्तराला याचें समाधान वाटल्यास आपण क्षमा करावी.

आतां खिशांतलें यंत्र म्हणजे फोन. २०१६ सालच्या आयफोनपासून त्या फोनवरचें साडेतीन मिलिमीटरचें भोंकहि गेलें, आणि पुष्कळ नव्या मोटारींतूनहि तें गेलें आहे. आमच्या कुटुंबांत आज ज्या मोटारी आहेत त्यांपैकीं एकीलाहि माझी कॅसेट घेण्यास तोंड नाहीं. तरी वडिलांचें कीर्तन वाजतें. पुतण्या फोनवर बोट ठेवतो आणि तें लागतें. आतां जोडण्याची अडचण उरलेली नाहीं.

अडचण उरली आहे ती निराळी. गेल्या दिवाळींत आम्ही पांचजण एका मोटारींत होतों. पुढें कीर्तन चाललें होतें. मागें दोन नातवंडें आपापल्या कानांत आपापलें गाणें घालून बसलीं होतीं. मीं त्यांना कांहीं म्हटलें नाहीं, कारण त्यांच्या वयांत मीहि वडिलांचें कीर्तन टाळून पळत असें. पण धाकटी मध्येंच एका कानांतला इअरफोन काढून म्हणाली, “आजोबा, हे कोण बोलताहेत?” मीं सांगितलें, “तुझे पणजोबा.” तिनें दुसरा इअरफोन काढला नाहीं, पण पहिला परत घातलाहि नाहीं. मोरिटांनीं दोन सॉकेटें कां ठेवलीं असतील, तें मला त्या वेळीं नीट कळलें.

वायर, पिन, सोंग, हीं सर्व साधनें माणसानें केलीं तीं एकाच्या खिशांतलें सुख चौघांना वांटतां यावें म्हणून. साधनें पुष्कळ झालीं, तीं सोपींहि झालीं. कान मात्र ज्याचा त्यानें उघडा ठेवावयाचा असतो.